आरसीटीसाठी दहावीचे गुण: रत्नागिरी-सिंधुदुर्गात कितपत चालतात?

चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना जादा गणितवर्ग द्यायचे आणि उपयोग झाला का ते दहावीच्या गुणांवरून ठरवायचं: अशा चिठ्ठ्यांच्या प्रयोगाला आरसीटी म्हणतात. संस्थांना हे साधन आवडतं, कारण फुकट आहे. शिवाय पेपर तपासणाऱ्याला कोणती शाळा कोणत्या गटातली हे ठाऊक नसतं. शाळेच्या सहामाहीत हाच फायदा हातचा जातो. प्रशिक्षण घेतलेले सरच आपल्या मुलांचे पेपर तपासतात.

'पास की नापास' हे माप मात्र इथे कुचकामी. २०२४ साली कोकण मंडळाचा निकाल ९९.०१ टक्के लागला; उरलेल्या एका टक्क्यात फरक शोधणार किती? टक्केवारीही नको. ती सहापैकी उत्तम पाच विषयांची, त्यामुळे ज्याचं गणित कच्चं त्याचं गणितच हिशेबातून गळतं. वर क्रीडा-चित्रकलेचे वाढीव गुण.

घ्यायचे ते गणिताचे लेखी ८०: बीजगणित ४०, भूमिती ४०. अंतर्गत २० शाळाच देते आणि तिथे हात सढळ असतो. ते आकडे मुख्याध्यापकांकडून आधीच लिहून घ्यावेत आणि एकूणातून वजा करावेत. आठवीपर्यंतच्या श्रेणींच्या वाटेला तर जाऊच नये: ७२ वरून ७९ वर गेलेलं मूल 'ब-१' मध्येच राहतं, ८० चे ८१ झाले की 'अ-२'.

मुलं मोजून खूश होऊ नका. चिठ्ठी शाळेला पडते. वर्गात ३० मुलं आणि गुणांतल्या एकूण तफावतीचा ०.२ भाग शाळा-शाळांमधला असेल, तर मुलागणिक चिठ्ठी टाकली असती त्याच्या १ + २९ × ०.२ म्हणजे ६.८ पट मुलं नमुन्यात लागतात. नववीच्या सुरुवातीला पूर्वचाचणी घेतली तर हा बोजा बराच हलका होतो.

खरी गळती नववी-दहावीच्या उंबरठ्यावर. कच्च्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायला लावतात, कुणी मुंबईला काकांकडे जातं. हे एका गटात जास्त झालं की तुलना बाद. म्हणून नववीची यादी आधी पक्की करावी, चिठ्ठी नंतर टाकावी, आणि गेलेल्यांचेही गुण शोधून काढावेत.

२०२१ साली परीक्षाच रद्द झाली, कोकणचा निकाल १०० टक्के! तेव्हा हाताशी दुसरं माप हवंच.

दोन वर्षांच्या जादा वर्गांसाठी हे साधन जरूर घ्या. अपूर्णांकांच्या सहा आठवड्यांच्या शिबिरासाठी नको. दहावीच्या पेपरात त्याचा माग लागत नाही. तिथे चाळीस मिनिटांची वेगळी चाचणी, बाहेरच्या माणसाने घेतलेली. मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणींकडून शिकवण्याच्या मुंबई-वडोदऱ्यातल्या बालसखी प्रयोगातही शाळेच्या परीक्षेवर न विसंबता वेगळी चाचणीच घेतली होती.