कॅलरी मोजायचं अ‍ॅप चांगलंय, पण व्यायामाच्या दिवशी ते 'खा' म्हणतं तेवढं खाऊ नका (३ स्टार)

बरेच महिने हे अ‍ॅप वापरतेय, मनगटावरच्या बँडला जोडून. खाणं नोंदवायला खरंच सोपंय, शोधलेलं पटकन सापडतं, कालचं जेवण एका टॅपमध्ये आजच्या दिवसात टाकता येतं, आठवड्याचा अ‍ॅव्हरेज दिसतो, त्याबद्दल काही तक्रार नाही. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण व्यायामात जळालेल्या कॅलरी खायला परत द्यायचं हे फीचर या प्रकारातल्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये असतं आणि मला बोलायचंय ते फक्त त्याच्याबद्दलच, वजन कमी करायला बसलेल्या माणसाचं सगळं गणित तिथेच बिघडतं.

होतं काय, तुम्ही तासभर चालून आलात की बँड अ‍ॅपला कळवतो एवढ्या कॅलरी जळाल्या, आणि लगेच 'आज शिल्लक' हा आकडा तेवढ्याने वाढतो, लालचा हिरवा होतो. दिवसभर मोजूनमापून खाल्लेल्या माणसाला संध्याकाळी तो हिरवा आकडा दिसला की तो खाणारच, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, अ‍ॅपनेच सांगितलंय ना.

आता तो आकडा बघा. ७० किलोचा माणूस ताशी ५ किमीच्या आसपास तासभर चालला तर साधारण २४५ कॅलरी खर्च होतात. पण त्या तासात तो नुसता बसून राहिला असता तरी सत्तरेक कॅलरी गेल्याच असत्या, आणि त्या दिवसाच्या टार्गेटमध्ये आधीच धरलेल्या असतात. म्हणजे चालण्यामुळे जास्तीच्या गेल्या त्या १७५ च. माझं अ‍ॅप पूर्ण २४५ परत देतं.

त्यात बँडचा अंदाज स्वतःच कच्चा असतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची ७ डिव्हाइसेस ६० जणांवर तपासली होती, त्यात हार्ट रेट सातातल्या सहा डिव्हाइसेसचा ५ टक्क्यांच्या आत बरोबर आला, पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगलं डिव्हाइससुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. वजनं उचलताना तर अजूनच घोळ, कारण तेव्हा ठोके वाढतात पण त्या प्रमाणात कॅलरी जळत नाहीत. त्यामुळे हार्ट रेटवर विश्वास ठेवा, कॅलरीवर नको.

पण खरी मोठी गडबड वेगळीच आहे आणि ती अ‍ॅप कुठेच नीट सांगत नाही. सुरुवातीला ते विचारतं ना, तुम्ही किती अ‍ॅक्टिव्ह आहात? समजा ३५ वर्षांची बाई, ७० किलो, उंची १६० सेमी. वजन, उंची, वयावरून काढायच्या नेहमीच्या मिफ्लिन फॉर्म्युल्याने तिचा बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी दिवसभरात लागणाऱ्या कॅलरी, येतो १३६४. 'बैठं काम' निवडलं तर तो गुणिले १.२, म्हणजे दिवसाचा खर्च १६३७. 'मध्यम अ‍ॅक्टिव्ह' निवडलं तर गुणिले १.५५, म्हणजे २११४. या दुसऱ्या आकड्यात व्यायाम धरलेलाच आहे! वजन उतरावं म्हणून त्यातून ५०० कमी केले (हीच तूट) की खायचं टार्गेट १६१४. आता चालल्यावर अ‍ॅप वरून अजून २४५ देणार आणि ती १८५९ खाणार, म्हणजे ५०० ची तूट निम्म्यावर आली. मग महिनाभर घाम गाळून काटा जेमतेम हलतो आणि बाई म्हणते माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे. मेटाबॉलिझम बिचारा ठीक असतो, एकच व्यायाम दोनदा मोजला गेलेला असतो.

मग व्यायामाच्या दिवशी जास्त खायचंच नाही का? तसंही नाही, आणि हे तितक्याच जोरात सांगायचंय. तीच बाई 'बैठं काम' निवडून, १६३७ मधून ५०० काढून, ११३७ वर बसली आणि त्या दिवशी ताशी ८ किमीने तासभर धावली तर बसण्याच्या वरचा खर्च ५०० च्या आसपास जातो, बाकीच्या शरीराला उरतात सहाशे-साडेसहाशे. हे फारच कमी आहे. असं रोज केलं तर झोप बिघडते, व्यायामात ताकद लागत नाही, पाळी अनियमित होते. धावणं, लांब सायकलिंग, तासाच्या वरचं दमवणारं काही असेल तर खायलाच हवं, आणि प्रोटीन तर मुद्दाम बघून घ्यायला हवं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

मी सेटिंग अशी ठेवलीये: अ‍ॅक्टिव्हिटी 'बैठं काम', तूट थोडी लहान, साध्या चालण्याचं काही परत घ्यायचं नाही आणि दमवणाऱ्या दिवशी बँड म्हणतो त्याच्या निम्मंच. ज्यांचा व्यायाम दर आठवड्याला ठरलेला आणि सारखाच असतो त्यांनी उलट करावं, 'मध्यम' निवडून परत देणं बंदच करावं म्हणजे रोजचं टार्गेट एकच राहतं आणि डोक्याला ताप नाही. दोन्हीतलं कुठलंही चालतं, दोन्ही एकदम नको. आणि त्याच दिवशी खाल्लं पाहिजे असंही काही नाही, आठवड्याची बेरीज बघायची, पुष्कळदा भूक दुसऱ्या दिवशीच लागते.

अजून एक, दुसऱ्या दिवशी काटा वर गेला म्हणून घाबरून खाणं तोडू नका. स्नायूंत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) भरतं तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं, ते वजन चरबीचं नसतं. २-३ आठवड्यांचा अ‍ॅव्हरेज बघा, उतरत असेल तर तुमचा आकडा बरोबर आहे, अ‍ॅप काहीही म्हणो.

व्यायाम परत देणं बंद करायचं बटण सेटिंग्जमध्ये चार पायऱ्या आत आहे, निम्मं द्यायची सोय तर नाहीच, ते मी मनातच करते. ५ पैकी ३, त्यातले तीनही खाणं नोंदवायच्या सोयीसाठी. बनवणाऱ्यांनी अ‍ॅक्टिव्हिटी विचारतानाच त्याखाली एक ओळ टाकावी की यात व्यायाम धरलाय की नाही, मी एक स्टार आनंदाने वाढवीन.