जगबुडीनंतरच्या मॉन्स्टर-कथा : काही महिने सलग वाचल्यानंतरचा अनुभव (आणि पेट्रोलचा प्रश्न)

आधी तक्रार, कारण तिच्यामुळेच लिहायला बसले. एका अ‍ॅपवर प्रकरणागणिक नाणी मोजून मी एक मालिका वाचत होते. नायिका पाण्याच्या उंच टाकीवर अडकलेली, खाली आंधळी जनावरं वास घेत घिरट्या घालतायत, हातात दोरीचं एकच वेटोळं. पुढचं प्रकरण उघडायला गेले तर 'हा मजकूर उपलब्ध नाही'. बरं, पैसे भरून झालेली मागची प्रकरणंही गायब. ग्राहक सेवेचं उत्तर असं की, आम्ही प्रकरण विकत नाही, वाचायची परवानगी देतो. लेखकाशी करार संपला की परवानगीही संपली. नाणी परत नाहीत. माझं भांडण अजून चालू आहे. अ‍ॅपला एक तारा, तोही देणं भाग आहे म्हणून.

पण या कथाप्रकाराला मी पाचपैकी साडेचार तारे देते. कापलेल्या अर्ध्या ताऱ्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

पेट्रोल.

जग बुडून दहा-पंधरा वर्षं लोटलीत. मागे राक्षस लागलाय. नायक धुळीने माखलेल्या गाडीत शिरतो, चावी गाडीतच सापडते, दोनदा घरघर होते आणि तिसऱ्या वेळी इंजिन चालू! इथे माझा पुस्तकावरचा विश्वास उडतो. पेट्रोल म्हणजे मध नव्हे, कितीही वर्षं ठेवलं तरी चालायला. गाडीच्या टाकीत ते काही महिन्यांतच बिघडू लागतं, घट्ट बंद डब्यात नीट ठेवलं तर थोडं जास्त टिकतं. थंड इंजिन पेटायला जे हलके घटक लागतात तेच आधी उडून जातात. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट थर धरतो आणि इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर तुंबतात. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं. डिझेल जरा चिवट, पण त्यात पाणी शिरलं की सूक्ष्मजीव वाढतात आणि फिल्टर चोंदतो. बॅटरी तर पेट्रोलच्याही आधी उतरलेली असते. हे शोधायला कुठल्याही लेखकाला एक दुपार पुरे.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग का? कारण माझ्या मते या कथांची सगळी गोडी हिशोबात आहे. किती डबे उरले, किती काड्या, किती गोळ्या, अंधार पडायला किती वेळ. 'त्यांच्याकडचं अन्न संपत आलं होतं' असं मोघम वाक्य मला पुरत नाही. माणसाला प्यायलाच दिवसाला दोन-तीन लिटर पाणी लागतं. चौघांचं धरा दहा लिटर, म्हणजे दहा किलो ओझं. ते घेऊन कोण किती पळेल? पाण्यापासून किती लांब मुक्काम करायचा, हे तिथेच ठरून जातं. असा हिशोब लेखकाने मांडला की मी आपोआप त्या माणसांबरोबर डबे मोजायला लागते. आणि मग फुकटचं पेट्रोल मिळालं की सगळी वही फाडून टाकल्यासारखं होतं.

रिचर्ड मॅथेसनची १९५४ सालची 'आय अ‍ॅम लिजंड' मी याच काळात पहिल्यांदा वाचली. कथानक सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे एकच जागा सांगते. रक्तपिपासूंच्या जगात एकटा उरलेला नायक नेव्हिल, त्याचं आयुष्य घड्याळावर चालतं. दिवसा बाहेर पडून झोपलेले रक्तपिपासू शोधायचे, लाकडाचे खुंटे तासायचे, लसणाच्या माळा बदलायच्या, जनरेटर बघायचा आणि सूर्य मावळायच्या आत दार लावून घ्यायचं. एके दिवशी तो बायकोच्या थडग्याशी जातो. परतायला अजून वेळ आहे असं त्याला वाटतं, आणि मग लक्षात येतं की घड्याळ बंद पडलंय. नवा राक्षस नाही, स्फोट नाही, गद्दारी नाही. पण त्या पानावर माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तोवर लेखकाने प्रत्येक तासाची किंमत मला पाठ करून घेतली होती.

हे वाचल्यावर काही आठवडे माझं पक्कं मत झालं होतं की हिशोब चोख असेल तर राक्षसाची गरजच नाही. म्हणून राक्षस नसलेल्या, नुसत्या टंचाईच्या कथा हाती घेतल्या. चांगल्या होत्या, पण एकीपाशीही रात्री जागले नाही. भुकेशी तडजोड करता येते, आज अर्धं खाऊ, उद्या बघू. राक्षस दाराबाहेर असला की प्रत्येक फेरीला जोखीम जोडली जाते. काडेपेटी आणायला जायचं की अंधारात बसायचं, हा तेव्हा जिवाचा प्रश्न होतो. त्यामुळे मत बदललं : हिशोब हवाच, पण त्याला धार राक्षस आणतो.

तोही नियमात बांधलेला हवा. २०१८ च्या 'अ क्वाएट प्लेस' सिनेमातले प्राणी आवाजावर शिकार करतात, बस्स. त्या एका नियमापायी अख्खं घर बदलतं : वाटेवर वाळू पसरलेली, न करकरणाऱ्या फळ्यांवर पाय कुठे ठेवायचा त्याच्या खुणा. मग जिन्यावर कपड्यांच्या पिशवीत अडकून एक खिळा वर येतो आणि टोक वर करून उभा राहतो. त्यानंतर पडद्यावर काहीही चालू असो, माझा डोळा त्या खिळ्यावर. मनाला येईल तेव्हा उडणारा, मनाला येईल तेव्हा भिंतीतून आरपार जाणारा राक्षस कितीही अक्राळविक्राळ काढा, त्याची भीती दोन पानांत ओसरते.

राक्षस वेगवान हवा, हाही माझा आग्रह राहिलेला नाही. जॉन विंडमच्या 'द डे ऑफ द ट्रिफिड्स'मधल्या (१९५१) चालत्या वनस्पती संथ आहेत, आणि संकटाआधी माणसं त्यांची तेलासाठी शेतीच करत होती. त्यांना रोखणारं कुंपण मात्र वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं, आणि या वनस्पती आवाजाच्या दिशेने गोळा होतात हे ध्यानात येतं एका लहान मुलीच्या. पुस्तकाचा तो शेतावरचा, लांबलेला भाग अनेकांना रटाळ वाटतो. मला तोच सर्वांत आवडला.

ज्यांत माणसांना आकडे, पातळ्या आणि जादुई बक्षिसं मिळतात त्या 'सिस्टीम' मालिकांबद्दल थोडक्यात : सुरुवात झकास, कारण हिशोब उघड मांडलेला असतो. पुढे नायक इतका बलाढ्य होतो की मोजायला काही उरत नाही. पहिला खंड वाचा आणि थांबा.

आता सुखद धक्का. 'द लास्ट ऑफ अस' ही २०२३ ची मालिका मी नाइलाजाने लावली होती, व्हिडिओ गेमवरून केलेल्या मालिकांवर माझा भरवसा नव्हता. चौथ्या भागात नायक जोएल वाटेतल्या गाड्यांमधून पेट्रोल काढत असतो आणि सोबतच्या मुलीला, एलीला सांगतो की पेट्रोल काळाबरोबर बिघडतं, हे जवळजवळ पाणीच झालंय, तासभर जेमतेम पुरेल. मी चक्क टाळी वाजवली! जग बुडून वीस वर्षांनी ते मुळात पेटेल का, हा प्रश्न उरतो. पण लेखकांनी तो हिशोब वहीत धरला, आणि त्यामुळे प्रवासात सारखं थांबणं आलं, धोकाही आला. कापलेल्या अर्ध्या ताऱ्यातला पाव मी तिथे परत दिला.

पैसे जपून वापरणाऱ्यांसाठी : चालू मालिकेला प्रकरणागणिक पैसे देऊ नका, पूर्ण झालेला खंड घ्या आणि फाइल आपल्याकडे राहते का ते आधी तपासा. फुकटात सुरुवात करायची तर एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) इंटरनेटवर सहज मिळते. पडक्या घरात एका पाद्र्याबरोबर अडकलेला निवेदक तिथे घरातलं अन्न दहा दिवसांसाठी वाटून ठेवतो आणि पाद्री ते पाळत नाही. पुढे परग्रहवासीयांच्या यंत्राचा लवचीक हात घरात चाचपडत येतो आणि कोळशाच्या खोलीत लपलेल्या निवेदकाच्या बुटाच्या टाचेला लागतो. सव्वाशे वर्षांनंतरही मी तिथे श्वास रोखला.

उरलेला पाव तारा मी राखून ठेवलाय. दुसऱ्या महायुद्धात इंधनटंचाईमुळे युरोपात लाखो गाड्या लाकडाच्या वायूवर चालल्या. गाडीवरच भट्टी, तिच्यात लाकूड अर्धवट जाळायचं, निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. पेट्रोल मेल्यावरही हे जमतं. अडचण एवढीच की भट्टी पेटवून वायू तयार व्हायला काही मिनिटं थांबावं लागतं. धूर वर चाललाय, जनावराला वास लागलाय, आणि गाडी अजून निघत नाहीये. असा प्रसंग मला आजवर कुठेच सापडलेला नाही. कुणाला माहीत असेल तर नाव सांगा, त्या पुस्तकाला सवलतीची वाट न बघता पूर्ण किंमत मोजेन.