वॉरहॉलची रीत की हॉकनीची? इन्स्टंट कॅमेऱ्यातून पोर्ट्रेट करू पाहणाऱ्यांसाठी

इन्स्टंट कॅमेरा, म्हणजे टिपलेला फोटो तिथल्या तिथे कागदावर देणारा कॅमेरा, हाताशी आहे आणि त्यातून माणसांची पोर्ट्रेट करायची आहेत, अशा चित्रकारापुढे दोन वाटा आधीच मळलेल्या आहेत. एक अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलची, दुसरी ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीची. दोघांच्या हाती पोलरॉइड कंपनीचाच इन्स्टंट कॅमेरा होता. पण वॉरहॉलने तो चेहऱ्यावरचं नको ते काढून टाकायला वापरला, तर हॉकनीने एका क्लिकमध्ये न मावणारं गोळा करायला. म्हणून कुठला कॅमेरा घेऊ, हा प्रश्न नंतरचा. आधी चेहऱ्यातून काही वजा करायचंय की त्यात भर घालायचीय, ते ठरवा.

वॉरहॉलची सुरुवात पोलरॉइडने झाली नाही. १९६३ साली त्याने एथेल स्कल या कलासंग्राहक बाईंना न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर भागातल्या फोटोबूथमध्ये बसवलं आणि त्या पट्ट्यांवरून ३६ चौकटींचं पोर्ट्रेट केलं. सत्तरच्या दशकात मात्र त्याला आपला कॅमेरा सापडला: पोलरॉइडचा बिग शॉट. १९७१ ते १९७३ एवढीच वर्षं बनलेलं हे प्लास्टिकचं लांबुडकं धूड. त्याचा फोकस कायमचा बांधलेला, साधारण एक मीटरवर. भिंग फिरवायची सोयच नाही, पाय हलवायचे. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसेपर्यंत पुढे-मागे सरकायचं, मग बटण दाबायचं. फिल्म ओढून बाहेर काढायची, मिनिटभर थांबायचं आणि वरचा कागद सोलायचा.

समोरच्या चेहऱ्यावर अनेकदा पांढरा मेकअप थापलेला असे, त्यावर समोरून फ्लॅश. सुरकुत्या, डाग, गालाचा उतार सगळं उडून जायचं. उरायचे डोळे, ओठ, नाकपुड्या आणि केसांची कड. डझनावारी फोटोंतून एक निवडायचा, तो मोठा करून मधल्या छटा आणखी मारायच्या, कॅनव्हासवर आधी रंगांचे सपाट पट्टे भरायचे आणि वर सिल्कस्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, काळा छाप उठवायचा. ४० इंच चौरस कॅनव्हास हे त्याचं ठरलेलं माप, एका माणसाच्या पोर्ट्रेटातल्या पहिल्या कॅनव्हासचा दर २५ हजार डॉलर. १९७७ साली पेनसिल्व्हेनियातल्या सरावतळावर जाऊन त्याने बॉक्सर मुहम्मद अलीचे पोलरॉइड फोटो काढले तेही याच रीतीने. माझ्या मते खरं पोर्ट्रेट त्या निवडीतच घडतं, रंग नंतर येतात.

हॉकनी १९८२च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या घरी पोलरॉइडचा एसएक्स-७० घेऊन कामाला लागला. हा कॅमेरा अगदी वीतभर अंतरावरूनही टिपतो. त्याने डोळा वेगळा, हात वेगळा, चष्मा वेगळा टिपला आणि ते चौकोन शेजारीशेजारी जाळीसारखे मांडले. मधल्या वेळात माणूस वळला, हसला तर तेही त्यात आलंच. या फिल्मची पांढरी किनार कापता येत नाही, कारण रसायनं आतच बंद असतात, म्हणून चित्रावर खिडकीच्या गजांसारख्या पांढऱ्या रेघा राहतात. पुढे त्याच वर्षी तो पांढरी किनार नसलेल्या साध्या प्रिंट्सकडे वळला. माझ्या लेखी या पद्धतीची मर्यादा तीच: चेहरा जिवंत होतो, पण किनार पाठ सोडत नाही.

आता खिशाकडे बघू. पोलरॉइडच्या आजच्या पाकिटात ८ फोटो असतात, फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स या इन्स्टंट कॅमेऱ्याच्या पाकिटात १०. पाच बाय सहाची जाळी करायची तर ३० फोटो लागतात, म्हणजे पोलरॉइडची चार पाकिटं, आणि त्यातही फसायला जेमतेम दोनच जास्तीचे. वॉरहॉलच्या वाटेने एका पाकिटातही काम भागू शकतं. फक्त जुना बिग शॉट स्वस्तात दिसला म्हणून घेऊ नका. त्याची सोलायची फिल्म आधी पोलरॉइडने बंद केली, मग २०१६ साली फुजीफिल्मनेही तिला रामराम ठोकला. साधा इन्स्टॅक्स मिनी चालेल. फोटो ६२ बाय ४६ मिलिमीटरचा, चिमुकला. पण स्कॅन करून मोठा करताना त्याचे बारकावे विरतात, ते इथे हवंच आहे.

ज्यांचं रेखाटन पक्कं आहे पण जे पापणीच्या केसाकेसात अडकतात, त्यांनी बेलाशक वॉरहॉलची रीत धरावी. फ्लॅश समोरून, अंतर हातभराहून थोडं जास्त, पाठीमागे कोरी भिंत. पण घरातल्या वृद्ध माणसाचं पोर्ट्रेट असेल तर मी ती वापरणार नाही. आजीच्या सुरकुत्याच फ्लॅशने खाऊन टाकल्या तर मागे राहतं काय? तिथे हॉकनी. तिला तिच्या खुर्चीत बसवा, बोलतं करा, हातांचे फोटो वेगळे घ्या.

अजूनही ठरत नसेल तर वॉरहॉलने चित्रासाठी न वापरलेले पोलरॉइड फोटो बघा. त्याच्या नावाच्या फाउंडेशनने २००७ साली अमेरिकेतल्या १८० हून अधिक महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या संग्रहांना २८,५०० हून अधिक छायाचित्रं देऊन टाकली. त्यातली बरीच त्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर आहेत. एकाच माणसाचे ओळीने आठ-दहा फोटो उघडा, त्यातला कुठला तुम्ही उचलला असता ते मनाशी ठरवा, आणि मग त्याचं रंगवलेलं पोर्ट्रेट शेजारी ठेवून पाहा.