सीडब्ल्यूआय की सीस्विप ३.१? परीक्षेच्या आधी नूतनीकरण बघा

वेल्डिंग इन्स्पेक्शनमध्ये येणारी मुलं मला हमखास विचारतात, अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं (एडब्ल्यूएस) सीडब्ल्यूआय प्रमाणपत्र घेऊ की ब्रिटिश सीस्विप ३.१? फी किती आणि पेपर किती अवघड, एवढ्यावरच त्यांचं ठरत असतं. मी उलट विचारतो, पास झाल्यावर तुला पुन्हा अभ्यासाला कोण बसवणार?

कारण मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एडब्ल्यूएस डी१.१ म्हणजे स्टीलच्या स्ट्रक्चरच्या वेल्डिंगचा कोड. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत व्हिज्युअल तपासणीचे निकष तक्ता ६.१ मध्ये होते. २०२० मध्ये प्रकरणांचे क्रमांक सरकले आणि तोच तक्ता ८.१ झाला. रिपोर्टमध्ये सवयीने ६.१ लिहून गेलो. अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) गेज लावून नीट मोजला होता, निकालही बरोबर होता. पण नव्या आवृत्तीत ६.१ हा प्रोसिजर क्वालिफिकेशनचा, म्हणजे वेल्डिंगची पद्धत आधी चाचणीने सिद्ध करण्याचा तक्ता आहे. क्लायंटने अख्खी फाइल परत पाठवली, आणि त्याचं बरोबरच होतं.

सीडब्ल्यूआयचं नूतनीकरण तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी होतं, तेव्हा परीक्षा नसते. नवव्या वर्षी मात्र ८० तासांचं प्रशिक्षण दाखवा, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसा. हे तास वर्षाला नऊ-दहा असे जमवले तर माणूस खरंच ताजा राहतो. बरेच जण शेवटच्या वर्षी धावपळ करतात, तिथे शिकणं कमी आणि कागद जास्त होतो. सीस्विप ३.१ मध्ये पाच वर्षांनी काम चालू असल्याचा पुरावा आणि दृष्टीतपासणी, दहाव्या वर्षी थेट परीक्षा. पळवाट नाही, पण मधली वर्षं तुमच्या भरवशावर.

प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाखालच्या टाक्या तपासणाऱ्यांसाठी एपीआय ५१० हे प्रमाणपत्र आहे. तिथे दर सहा वर्षांनी ऑनलाइन चाचणी होते, तीही कोडमध्ये काय बदललं यावर. माझ्या मते नेमका नेम इथेच धरलाय.

स्ट्रक्चरल फॅब्रिकेशनमध्ये असशील तर सीडब्ल्यूआय घे, डी१.१ कोड तिथे रोज हातात असतो. आखातात तेल-वायूच्या कामांवर जायचं असेल तर सीस्विप.

आणि दोन्हीपैकी काहीही घेतलंस तरी डी१.१ ची २०२५ ची आवृत्ती हातात आली की आधी प्रस्तावना उघड, बदलांची यादी तिथेच असते. मग पानं चाळ: बदललेल्या मजकुराखाली रेघ असते, तक्त्यांच्या समासात उभी रेघ. संध्याकाळी चहासोबत रोज एक प्रकरण, पेन्सिल हातात ठेवून.