रेड डॉटचा ठिपका नखानं निघाला

जुन्या प्रेसच्या प्रोसेस लेन्स, म्हणजे छपाईसाठी पानांचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या लेन्स, शोधत फिरणाऱ्यांनी हे वाचा. माझे २२ हजार गेले, तुमचे वाचले तर बघा.

झालं असं की माझ्या ४ बाय ५ इंची फिल्मच्या कॅमेऱ्याला लांब लेन्स हवी होती आणि नवीन घ्यायची ऐपत नाही. ऑफसेटवाल्यांचे प्रोसेस कॅमेरे भंगारात गेले तरी त्यांच्या लेन्स अजून फिरतायत, आणि एका डीलरकडं गोर्झ कंपनीची १२ इंची एफ/९ रेड डॉट आर्टार लेन्स आहे असं कळलं. आता आर्टारमधे चार सुट्या काचा असतात, एकही एकमेकीला चिकटवलेली नाही, म्हणजे हवा लागणारे ८ पृष्ठभाग, आणि कोटिंग (काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसेल तर प्रत्येकावरनं ४-५ टक्के उजेड परत फिरतो, त्यातला काही आतच नाचत बसतो नि फोटो धुरकट करतो. लाल ठिपका म्हणजे कोटिंगवाली, म्हणून भाव जास्त. बिनठिपक्याची मला दुसरीकडं ८ हजारात मिळत होती, हे लिहिताना अजून पोटात दुखतंय.

फोटो पाठवले, ठिपका झक्क दिसत होता, मी लगेच यूपीआय केलं.

लेन्सला शटर नाही, त्यामुळं लेन्सबोर्ड (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची फळी) करून घेतला, स्टॉप (छिद्राची पट्टी) घालायच्या फटीवर काळी टेप मारली आणि मेणवलीच्या घाटावर सकाळी सावलीत एफ/४५ ला, म्हणजे अगदी बारीक छिद्रावर, २-२ सेकंद, कॅप हातानं काढायची नि लावायची. सहाच्या सहा निगेटिव्ह धुरकट! आकाशाच्या कडेची झाडं तर पार विरघळलेली. आधी वाटलं एक्स-रे फिल्ममुळं असेल, तिला मागं अँटी-हॅलेशन, म्हणजे आरपार गेलेला उजेड परत फिरू न देणारा थर, नसतो ना, मग अंधारात टॉर्च घालून बेलोज (कॅमेऱ्याचा घडीचा भाता) तपासला, डेव्हलपर बदलला, महिना गेला. शेवटी मित्राची साधी १५० मिमीची लेन्स लावून त्याच फिल्मवर तोच घाट काढला तर स्वच्छ.

मग आमच्या ओळखीचे एक काका आहेत, प्रेसच्या कॅमेरा खात्यात आयुष्य गेलेलं, त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरली न म्हणाले, "अरे, सगळ्या ट्यूबा पांढऱ्याच दिसतायत, कोटिंग असतं तर निळ्या-जांभळ्या दिसल्या असत्या. आम्हाला चालायची अशी, समोर सपाट कागद, दोन्ही बाजूनी सारखा उजेड, आकाश कुठं होतं तिथं." मग नख फिरवलं. अक्षरं कोरलेली, आत रंग बसलेला, आणि ठिपका मात्र वर फुगलेला. काकूंच्या नेलपॉलिश रिमूव्हरमधे इअरबड बुडवून घासलं, कापूस गुलाबी झाला आणि ठिपका गायब.

डीलरला फोन केला तर म्हणे साहेब प्रेसमधनं आली तशी दिली, दुसऱ्यांदा उचललाच नाही. बिल मागितलंच नव्हतं, माझाच गाढवपणा.

त्यामुळं नुसत्या फोटोवर पैसे टाकू नका, व्हिडिओ कॉलवर लेन्स ट्यूबलाइटखाली हलवायला लावा, पुढची आणि मागची दोन्ही काचांची बाजू, आणि परावर्तनाचा रंग बघा. ठिपका बिपका नंतर.

लेन्स अजून माझ्याकडंच आहे. बाजूचा उजेड अडवायला काळ्या पुठ्ठ्याचा लांब हूड केलाय, आकाश टाळलं तर झाडाच्या सालीची रेघ न रेघ धारदार येते. ८ हजाराची लेन्स म्हणून एकदम झकास आहे, वरचे १४ हजार नेलपॉलिशचे.