ओवाळणीत दिलेली पूल स्टिक : दिवाळी ते आषाढ

मागच्या भाऊबिजेला धाकट्या बहिणीला ओवाळणीत पूलची स्टिक दिली. पूल म्हणजे टेबलावर स्टिकने पांढरा बॉल मारून बाकीचे भोकात घालायचा खेळ, स्नूकरचा भाऊबंद. आई म्हणाली, "अरे, पोरीला साडी सोडून काठी देऊ लागलास का?" साडी नंतर घ्यावीच लागली, तो खर्च या हिशोबात धरलेला नाही.

बहीण नांदेडला नोकरीला आहे. ऑफिस सुटलं की दोघी-तिघी मिळून क्लबात पूल खेळतात. स्टिक दिली तेव्हा तिला खेळायला लागून वर्षही झालं नव्हतं. मी इकडे संभाजीनगरला स्नूकर खेळतो, जुना पण मध्यम खेळाडू. नांदेडला गेलो की तिचीच स्टिक घेऊन खेळतो, त्यामुळे खाली लिहिलंय त्यातलं निम्मं तिच्या हातचं आणि निम्मं माझ्या. नवशिक्याला स्टिक भेट द्यायची असेल तर काय बघावं, हे दुकानदार सांगत नाही. तो बुडावरची नक्षी दाखवतो.

आधी वस्तू सांगतो. 58 इंच लांबी, दोन तुकडे, मेपलच्या लाकडाचा शाफ्ट (म्हणजे पुढचा तुकडा), त्याच्या टोकाला बॉलला लागणारी 12.5 मिलिमीटरची चामड्याची टिप, वजन 19 औंस, मधे दोन तुकडे जोडणारा स्टीलचा पेच, पकडीला लिननचा दोरा गुंडाळलेला. रंग काळा, नक्षी नाही. पाच हजारांच्या आत मिळाली, ठेवायची केस वेगळी घेतली. ब्रँड सांगत बसत नाही, कारण या किमतीत याच मापाच्या स्टिका पाच-सहा नावांनी मिळतात आणि हातात घेतल्यावर फारसा फरक कळत नाही. माप मात्र नीट बघा, सगळं त्यातच आहे.

पहिला घोळ पूल की स्नूकर हाच असतो. आपल्याकडच्या क्लबात जाऊन बघा, पूलच्या टेबलावरही पोरं स्नूकरच्याच स्टिकने खेळतात. स्नूकर 1875 साली जबलपूरच्या छावणीत जन्माला आला, त्याचं वारं अजून गेलेलं नाही म्हणा हवं तर. खरं कारण एवढंच की बऱ्याच मालकांकडे स्टँडला सगळ्या टेबलांच्या स्टिका एकत्रच उभ्या असतात, हाताला येईल ती उचलायची. खेळता येतं, नाही असं नाही. पण स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटरचा आणि पूलचा 57 च्या थोडा वर. पूलचा बॉल वजनालाही जास्त, साधारण 160-170 ग्रॅमचा. साडेनऊ-दहा मिलिमीटरच्या नाजूक टिपेने तो जोरात फोडत राहिलं की टिप लवकर बसते, आणि पितळी फेरूलशी, म्हणजे टिपेखालच्या कड्याशी, कड दबून चामडं बाहेर यायला लागतं. उलट स्नूकरच्या छोट्या बॉलवर पूलची जाड टिप आणली की बॉलवर नेमकी कुठे लागतेय हेच दिसत नाही.

दुसरा फरक शाफ्टच्या निमुळतेपणाचा, आणि नव्या माणसाला तो जास्त जाणवतो. स्नूकरची स्टिक टिपेपासूनच हळूहळू जाड होत जाते. ती उघड्या पंजावर, अंगठ्याच्या खाचेतून सरकवायला बनलेली. पूलच्या बऱ्याच स्टिका टिपेपासून फूटभर जवळपास एकाच जाडीच्या असतात, म्हणजे तर्जनीचं कडं करून त्यातून सरकवलं तरी मधे अडकत नाही. बहिणीला कुणीतरी कड्याची पकड शिकवली होती आणि ती क्लबच्या स्नूकर स्टिकवर तीच करत होती. बोट दर फटक्याला ताणलं जायचं. "माझाच हात बारका आहे," असं तिला वाटायचं. 12.5 ची टिप मी यासाठीच घेतली. 13 चालली असती, पण लहान पंजाला शाफ्ट जरा बारीक असलेला बरा.

हे सगळं मला घरबसल्या कसं कळलं? तिच्या क्लबला फोन लावला. काउंटरवरच्या पोराला तीन गोष्टी विचारल्या: ती कुठल्या टेबलावर खेळते, बॉल मोठे की छोटे, आणि स्टँडवरून कुठली स्टिक उचलते. "ताई नेहमी कडेची हलकी उचलतात, ती दुसऱ्यानं घेतली असेल तर थांबतात," असं तो म्हणाला. भेट गुपचूप द्यायची असेल तर एवढा एक फोन करा. दुकानात उभं राहून तासभर डोकं चालवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

वजनाचं थोडक्यात. पूलच्या स्टिका साधारण 18 ते 21 औंसांत मिळतात. 19 औंस म्हणजे 540 ग्रॅमच्या आसपास, बॉलच्या तिपटीहून जास्त. जड स्टिकने बॉल आपोआप जोरात जातो हा क्लबातला लाडका समज आहे. जोर हाताच्या वेगातून येतो, आणि जड स्टिक नवख्या हाताला हळूच हलते. तिला हलकी आवडते हे कळलं होतं, तरी मी 18 न घेता 19 घेतली, कारण बुडाच्या रबराखाली वजनाचा बोल्ट आहे. ॲलन कीने तो काढून हलका बसवता येतो. अजून काढावा लागलेला नाही. तिने 19 ची सवय करून घेतली. ज्या स्टिकला हा बोल्ट नाही ती भेट म्हणून देऊ नका, माप चुकलं तर दुरुस्तीला जागाच राहत नाही.

आता महागड्या गोष्टींकडे. इंटरनेटवर नव्या पोरांना सगळे सांगतात, लो डिफ्लेक्शन घे, कार्बन घे. ही भानगड अशी आहे: पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता डावी-उजवीकडे मारलं, म्हणजे साइड दिली, की बॉल निशाण्याच्या रेषेवरून थोडा उलट्या बाजूला ढकलला जातो. शाफ्टच्या टोकाशी वजन जितकं जास्त तितका हा ढकला जास्त. टोक पोकळ किंवा हलकं केलं की तो कमी होतो. कार्बनच्या शाफ्टमध्ये हे असतंच, शिवाय ते वाकत नाहीत आणि पुसायला सोपे. चांगली वस्तू आहे, मी वापरून पाहिलीय. पण वर्षभर खेळलेल्या माणसाचा अर्धा वेळ बॉल सरळ जाण्यात जातो. साइड त्याने मुद्दाम द्यावी अशी वेळ कमी येते आणि नकळत दिली जाते ती जास्त. त्याला हवी ती दर संध्याकाळी तीच एक स्टिक, तोच ढकला, तोच आवाज. क्लबात आज एक, उद्या दुसरी स्टिक हाती आली की हात काहीच शिकत नाही. साध्या मेपलनेही ते काम होतं. शिवाय या स्टिकचा पेच 5/16 इंची, 18 आट्यांचा आहे, खूप चालणारं माप. पुढे-मागे तिला भारी शाफ्ट घ्यावासा वाटला तर त्याच मापाचा नुसता शाफ्ट घेऊन याच बुडाला लावता येईल. भारी शाफ्ट ही तिने स्वतः निवडायची गोष्ट, ओवाळणीत द्यायची नाही.

फरक पडला का? पडला, पण लोकांना वाटतो तिथे नाही. पॉट, म्हणजे भोकात जाणारे बॉल, लगेच वाढले नाहीत. लांबचे सरळ बॉल बसू लागले ते संक्रांतीच्या सुमारास. स्क्रू, म्हणजे बॉल मारून पांढरा मागे ओढणं, आधी जमलं, कारण टिप गोल होती आणि चॉक, म्हणजे घसरू नये म्हणून टिपेला लावायचा खडू, धरत होती. तिचं एक वाक्य मला आवडलं: "दादा, आता चुकलं तर स्टिकला बोलता येत नाही."

टिपेबद्दल जरा सविस्तर, कारण या स्टिकची कमजोर बाजू तीच निघाली. मूळची टिप मध्यम कडक म्हणून आलेली होती, पण होळी येईपर्यंत कडेने छत्रीसारखी फुगली आणि वरून गुळगुळीत चकचकीत झाली. चकचकीत टिपेवर चॉक बसत नाही आणि टिप बॉलवरून घसरते. तसंही पांढऱ्या बॉलच्या मध्यापासून कडेकडे अर्ध्याच्या पुढे मारलं की चांगल्यातली चांगली टिप घसरते. पण तिची त्या अर्ध्याच्या आतच घसरू लागली होती. मी गेलो तेव्हा बारीक पॉलिश पेपरने कडा साफ केल्या, वरचा भाग खरखरीत केला. महिनाभर चाललं. मग संभाजीनगरहून थरांची मध्यम टिप नेली आणि तिथल्या क्लबातल्या जुन्या मार्करने, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाने, ती बसवून दिली. चिकटवायला पाच मिनिटं, गोलाई द्यायला अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासातच त्याची कारागिरी दिसली. तेव्हापासून तक्रार नाही. भेटीचं बजेट ठरवताना चांगली टिप आणि बसवणावळ पहिल्यापासून धरा. या किमतीतल्या स्टिकची टिप कंपनीने घासाघीस करून लावलेली असते.

सरळपणा तपासायची पद्धत: स्टिक जोडून टेबलावर घरंगळवली आणि डुलली तर ती वाकडीच असेल असं नाही, पेचाशी जोड जरा तिरका असला तरी डुलते. शाफ्ट वेगळा करून घरंगळवा, त्याच्या खालून उजेड कमी-जास्त होतो का बघा, मग बंदुकीसारखा एक डोळा मिटून टोकाकडे पाहा. आमची पहिली आलेली स्टिक शाफ्टमध्येच वाकडी होती. विकणाऱ्याने आधी "एवढं चालतंच" असं सांगून पाहिलं, खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवल्यावर बदलून दिली. म्हणून दिवाळीच्या बऱ्याच आधी मागवा. भेट द्यायच्या दिवशी सकाळी खोका फोडणाऱ्याचं काही खरं नाही.

मेपलचं लाकूड आणि मराठवाड्याचा उन्हाळा यांचं जमेल का, ही मला खरी काळजी होती. तिची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला, एप्रिल-मेमध्ये नांदेडचा पारा 42 च्या वर. दोन नियम घालून दिले. स्टिक भिंतीला टेकवून ठेवायची नाही, कारण आपल्याच वजनाने लाकूड बाक धरू शकतं. आणि उन्हातल्या गाडीत ठेवायची नाही, एकदाही नाही. ती कपाटात कपड्यांमागे, केसमध्ये, दोन तुकडे करून राहते. परवा पाहिली, शाफ्ट सरळ आहे. उन्हाळ्यात उलट जोड थोडा सैल झाल्यासारखा आवाज यायला लागला, फटका मारला की बारीक टक. पेच पुसून नीट आवळल्यावर गेला.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. हवा दमट, हात घामट, शाफ्टवर निळ्या चॉकचा थर आणि स्टिक बोटांत चिकटते. पोरं यावर तोंडाला लावायची पावडर फासतात. टेबलाच्या कापडाची पांढरी दशा होते आणि मालक ओरडतो. कोरडा मायक्रोफायबरचा रुमाल प्रत्येक फ्रेमनंतर, म्हणजे डावानंतर, फिरवला की पुरतं. फारच मळली तर रुमालाचं टोक अगदी ओलसर करून पुसायची आणि लगेच कोरडी करायची. शाफ्टला सँडपेपर लावू नका, कुणी कितीही जाणकार सांगो. दर घासणीला लाकूड बारीक होतं. लिननच्या दोऱ्यावर मात्र डाग पडलेत, ते निघत नाहीत. पुन्हा घ्यायची असती तर दोरा नसलेली, नुसत्या लाकडाच्या पकडीची घेतली असती. बहिणीला दोराच आवडतो, तेव्हा माझं मत बाजूला.

केस कडकच घ्या. मऊ पिशवी स्वस्त असते, पण एसटीच्या रॅकवर कुणाची तरी ट्रंक तिच्यावर पडतेच. नांदेडहून लातूरला मावशीकडे जाताना कंडक्टरने तिला विचारलं, यात बंदूक आहे का. तिने उघडून दाखवली, तर मागच्या सीटवरच्या आजोबांना ती हातात घेऊन बघायची होती. त्यांनी तोलून पाहिली आणि गुराख्याच्या काठीला हलकी आहे असा निकाल दिला.

आता ती ब्रेकसाठी, म्हणजे डावाच्या सुरुवातीला रचलेले बॉल (रॅक) फोडायच्या पहिल्या फटक्यासाठी, वेगळी स्टिक मागू लागलीय. ब्रेकच्या स्टिकला कडक टिप असते आणि फोडताना बसणारा मार ती सोसते, हे तिला कुणीतरी सांगितलंय आणि ते खरंही आहे. नव्या टिपेने रोज रॅक फोडत राहिली तर ती पुन्हा चपटी होणार. पण त्यासाठी अजून तीन-चार हजार घालायची गरज नाही. ब्रेकला क्लबच्या स्टँडवरची सगळ्यात जड स्टिक घ्यायची, बॉल फोडायचे, ती परत जागेवर ठेवायची आणि मग आपली उचलायची, असं सांगून ठेवलंय. राखीच्या पाकिटातून उत्तर येईल.