साठीनंतर: नुसतं चालणं की ताकदीचा व्यायाम?

आमचे अण्णा परभणीत रोज पहाटे तासभर चालतात. दम चांगला, साखर आटोक्यात. पण सतरंजीवरून उठताना एक हात जमिनीवर, दुसरा गुडघ्यावर. मी व्यायामाचं काढलं की म्हणायचे, "शेतात राबलेलं हाड हे, मला कशाला उठाबशा?" शेत सुटून दहा वर्षं झाली, हे मात्र विसरायचे. स्नायू जुनी कमाई फार दिवस सांभाळत नाहीत.

चालण्याला खर्च नाही, सोबत मिळते, हृदयाला आणि साखरेला उत्तम. मांडीला मात्र रोजचाच भार, मग ती भरणार कशानं? शिवाय वयाबरोबर जास्त झिजतात ते झटक्यात जोर लावणारे तंतू. ठेच लागल्यावर आपण सावरतो ते त्यांच्याच जिवावर. संथ चालीत त्यांना फारसं काम पडत नाही.

ताकदीच्या व्यायामात ते पडतं. 1990 साली अमेरिकेत नव्वदीतल्या मोजक्या वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला, तर पायांची ताकद दुपटीहून वाढली. म्हणजे उशीर झाला ही सबब चालत नाही. जिम हवीच असंही नाही. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, आठ ते बारा वेळा उठबस, शेवटच्या दोन जड गेल्या पाहिजेत. सोपं झालं की पाठीच्या पिशवीत पाण्याची बाटली. लिटर म्हणजे किलो. श्वास कोंडायचा नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. गुडघेदुखी किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटना दोन्ही सांगते: आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखी हालचाल, दोन दिवस ताकद, शिवाय तोल सांभाळण्याचा सराव. पण आधीच चालणाऱ्यानं चालणं वाढवण्यापेक्षा उठाबशा सुरू कराव्यात, असं माझं मत.

आणि नुसत्या भाकरी-ठेच्यावर स्नायू भरत नाहीत. शरीराच्या वजनाच्या दर किलोला रोज साधारण एक ग्रॅम प्रथिनं लागतात. वरण, मटकी, दही, अंडी रोज हवीत. किडनीचा त्रास असेल तर हेही विचारूनच.

ठरत नसेल तर घड्याळ लावून हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बघा. स्नायूंची झीज ओळखण्याच्या 2019 च्या आशियाई निकषांत 12 सेकंद किंवा जास्त म्हणजे धोक्याची खूण. अण्णांना 17 लागले होते. आता पिशवीत दुसरी बाटली आहे. पहाटेचं चालणं सोडलेलं नाही, चहाची टपरी त्याच वाटेवर आहे.